घाटात तापणाऱ्या जुन्या गाडीला विजेचा पंखा. पण वायरिंग कसे?

इगतपुरी : मुंबईहून नाशिककडे निघालेल्या जुन्या गाडीची खरी परीक्षा कसारा घाटात होते. शहापूरपर्यंत सुरळीत आलेली पद्मिनी किंवा अॅम्बेसेडर लतीफवाडी मागे पडताच खालच्या गिअरवर येते. पुढे मालमोटारींची संथ रांग असते आणि डॅशबोर्डवरील तापमानाचा काटा हळूहळू लाल पट्ट्याकडे सरकू लागतो. घाट चढून आल्यावर घाटनदेवीच्या परिसरात बॉनेट उघडून उभी राहिलेली गाडी हे या रस्त्यावरचे जुने, ओळखीचे दृश्य आहे.

यावर उपाय म्हणून जुन्या गाड्यांचे हौशी मालक रेडिएटरसमोर विजेचा पंखा बसवून घेतात. पंखा बाजारात सहज मिळतो आणि चार पट्ट्या व चार बोल्ट लावून तो तासाभरात बसतोही. अडचण पुढे सुरू होते. ज्या काळात गाडीत दिवे, हॉर्न आणि वायपर यांपलीकडे विजेचे फारसे काम नव्हते, त्या काळच्या वायरिंगवर हा नवा भार येतो. पंख्याची तार इग्निशनच्या एखाद्या तारेला पिळून जोडली की पंखा फिरतो, मालक समाधानाने घरी जातो आणि काही महिन्यांनी स्विच जळतो, बॅटरी बसते किंवा बॉनेटखालून धूर येतो. पंखा बसवणे सोपे आहे. त्याला सुरक्षितपणे वीज पुरवणे हे खरे काम आहे.

चढ, उष्णता आणि हवा

कसारा आणि इगतपुरी या दोन गावांच्या उंचीत सुमारे ३०० मीटरचा फरक आहे. रेल्वेने हा चढ १८६५ मध्ये पार केला. थळ घाटातील लोहमार्गाचा चढ ३७ फुटांमागे एक फूट इतका तीव्र असल्याने आजही गाड्यांना मागून मदतीची इंजिने जोडावी लागतात. रस्त्यावरच्या मोटारीला असा मदतनीस नसतो. चढाचा सारा भार तिच्या एकाच इंजिनावर पडतो.

पेट्रोल इंजिनात जळणाऱ्या इंधनातील ऊर्जेपैकी ढोबळमानाने पाव हिस्साच चाकांच्या कामी येतो. उरलेली ऊर्जा उष्णता होते. तिचा एक भाग धुराड्यावाटे जातो आणि जवळपास तेवढाच भाग इंजिनाभोवतीच्या पाण्याला शोषून घ्यावा लागतो. हे पाणी रेडिएटरमध्ये येते आणि रेडिएटरच्या पातळ पापुद्र्यांमधून जाणारी हवा ते थंड करते. सपाट रस्त्यावर ताशी ६० किलोमीटर वेगाने धावणाऱ्या गाडीला ही हवा आपोआप मिळते. घाटात मात्र परिस्थिती उलटी असते. इंजिन अधिक राबते, म्हणजे उष्णता वाढते; आणि वेग कमी असल्याने समोरून येणारी हवा घटते. शिवाय उंची वाढेल तसे पाणी थोड्या कमी तापमानाला उकळते. समुद्रसपाटीला १०० अंश सेल्सिअसला उकळणारे पाणी इगतपुरीच्या उंचीवर ९८ अंशांच्या आसपास उकळते.

म्हणूनच रेडिएटरचे झाकण दाब धरून ठेवणारे असते. ७ पौंडांचे झाकण सुस्थितीत असेल, तर हेच पाणी सुमारे ११० अंशांपर्यंत उकळत नाही. झाकणाची रबरी चकती कडक झाली असेल, तर हा आधार नाहीसा होतो. तापलेल्या गाडीचे झाकण तत्काळ उघडणे धोक्याचे ठरते, तेही याच दाबामुळे. दाब सुटताच आतील अतितप्त पाण्याची क्षणात वाफ होते आणि ती थेट हाता-तोंडावर येते.

मूळ पंखा कोठे कमी पडतो

पद्मिनी, अॅम्बेसेडर आणि त्यांच्या पिढीतील बहुतेक गाड्यांचे इंजिन उभे, म्हणजे गाडीच्या लांबीला समांतर बसवलेले असते. त्यामुळे इंजिनाच्या पुढच्या टोकाला पट्ट्यावर चालणारा पंखा लावणे सोपे होते. हा पंखा इंजिन फिरेल त्या प्रमाणात फिरतो, आणि त्याची मर्यादाही तीच आहे. वाहतूक कोंडीत गाडी उभी असते, इंजिन मंद गतीने चालू असते आणि नेमका तेव्हाच पंखाही सर्वांत मंद फिरतो. उलट महामार्गावर, जेथे त्याची गरज नसते, तेथे तो जोरात फिरून इंजिनाची थोडी शक्ती खातो. पंख्याचा वेग दुप्पट झाला, की त्याला लागणारी शक्ती सुमारे आठपट होते.

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली, तेव्हा चित्र बदलले. तिचे इंजिन आडवे होते. इंजिनाचा पट्टा गाडीच्या बाजूला आणि रेडिएटर समोर, अशी रचना असल्याने तेथे विजेचा पंखा आवश्यकच ठरला. तापमान ठरावीक अंशावर गेले की पंखा सुरू, खाली आले की बंद, ही सोय भारतीय मध्यमवर्गाच्या परिचयाची झाली ती तेव्हापासून. जुन्या गाड्यांचे मालक आज जो पंखा शोधतात, तो बहुधा याच घराण्यातला असतो.

आधी निदान, मग पंखा

विजेचा पंखा सर्व दुखण्यांवरचे औषध नव्हे. गाडी कोंडीत तापत असेल आणि मोकळ्या रस्त्यावर वेग घेताच काटा खाली येत असेल, तर हवा कमी पडते आहे आणि पंख्याचा उपयोग होईल. गाडी मोकळ्या रस्त्यावर वेगात असतानाच तापत असेल, तर दोष हवेचा नसून पाण्याच्या प्रवाहाचा किंवा इंजिनाच्या जुळणीचा असण्याची शक्यता अधिक. तेथे पंखा लावणे म्हणजे तापाने फणफणलेल्या रुग्णाला नुसता वारा घालण्यासारखे आहे.

अनेक वर्षे बोअरिंगचे पाणी भरलेल्या रेडिएटरच्या नळ्यांत क्षार साचतात. थर्मोस्टॅट व्हॉल्व्ह अर्धवट उघडतो. खालचा होज पाइप मऊ पडून पाणी ओढले जाताना आत चिकटतो. फॅन बेल्ट सैल असतो, वॉटर पंपाची पाती झिजलेली असतात, इग्निशनचे टायमिंग मागे गेलेले असते. या सहाही गोष्टी तपासायला पंख्याच्या किमतीपेक्षा कमी खर्च येतो. दुर्लक्ष केले, तर हेड गॅस्केट जाते आणि पुढे सिलिंडर हेडच वाकते. जुन्या गाडीसाठी असा सुटा भाग शोधणे हे खर्चाइतकेच चिकाटीचेही काम असते.

विजेचा हिशेब

निदान झाले, पंखा लावायचे ठरले, की पाना-पक्कड हाती घेण्याआधी कागद-पेन्सिल घ्यावी. गाडीत वीज किती तयार होते आणि किती खर्च होते, हा साधा जमाखर्च आहे.

जुन्या अनेक गाड्यांत वीज तयार करणारा डायनॅमो असतो. त्या काळच्या सर्वसाधारण डायनॅमोची क्षमता २० ते २२ अँपिअरच्या घरात असते आणि तीही इंजिन चांगल्या वेगाने फिरत असतानाच मिळते. आता खर्च पाहू. ४५ वॉटचे दोन हेडलाइट १२ व्होल्टवर साडेसात अँपिअर घेतात. मागचे-पुढचे छोटे दिवे दोन अँपिअर, इग्निशन तीन-चार अँपिअर आणि वायपर दोन-तीन अँपिअर. म्हणजे पावसाळी रात्री पंख्याविनाच १५-१६ अँपिअर खर्च होतात. त्यात १२० वॉटच्या पंख्याचे दहा अँपिअर मिळवले, की बेरीज २५ वर जाते. डायनॅमो २२ अँपिअर देतो. तूट बॅटरीतून भरली जाते.

कोंडीत हा हिशेब आणखी बिघडतो. इंजिन मंद गतीवर असताना डायनॅमो जवळजवळ काहीच वीज देत नाही. कटआउट उघडतो आणि सारा भार बॅटरीवर येतो. मे महिन्यातील एखाद्या संध्याकाळी घाटात तासभर कोंडी झाली, तर पंखा, दिवे आणि इग्निशन मिळून २२-२३ अँपिअर-तास वीज बॅटरीतून जाते. ४० अँपिअर-तासांच्या बॅटरीतला निम्म्याहून अधिक साठा तेथेच संपतो. बॅटरी जुनी असेल, तर पुढे रस्ता मोकळा होतो आणि सेल्फ मारल्यावर केवळ 'टक' असा आवाज येतो. गाडी थंड राहिली, पण चालू होईना, अशी अवस्था होते.

यावर तीन मार्ग आहेत. पहिला, पंखा लहान निवडणे. मूळ पंखा कायम ठेवून मदतीला ८० वॉटचा पंखा लावला, तर सात अँपिअरच्या आत काम होते. दुसरा, डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर बसवणे. साधा ३५ अँपिअरचा अल्टरनेटरही मंद गतीवर काही प्रमाणात वीज देत राहतो. तिसरा मार्ग फुकटचा आहे. कोंडी लांबणार असे दिसताच गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करणे. पूर्वीचे चालक हेच करीत.

रिले हवाच

पंख्याला लागणारे दहा अँपिअर आणि सुरू होतानाच्या क्षणी त्याच्या दुप्पट-तिप्पट होणारा प्रवाह जुन्या इग्निशन स्विचमधून नेणे हा सर्वांत मोठा आणि सर्वांत सर्रास घडणारा दोष आहे. स्विचचे संपर्कबिंदू एवढ्या प्रवाहासाठी बनवलेले नसतात. ते तापतात, काळे पडतात, आणि एके दिवशी गाडी चालता-चालता बंद पडते.

रिले हा यावरचा उपाय. रिले म्हणजे विजेने चालणारा स्विच. त्याच्या आतील बारीक तारेच्या वेटोळ्याला अँपिअरच्या पाचव्या भागाहूनही कमी प्रवाह पुरतो. वेटोळे चुंबक बनते, आतली पट्टी ओढते आणि पंख्याचा मोठा प्रवाह स्वतंत्र, जाड तारेतून वाहू लागतो. इग्निशन स्विचने केवळ हुकूम द्यायचा आणि काम रिलेने करायचे, अशी ही विभागणी.

रिलेचा आणखी एक फायदा सहसा लक्षात येत नाही. धावत्या गाडीत समोरच्या हवेने पंख्याची पाती आपोआप फिरतात, आणि अशी फिरणारी मोटार स्वतःच वीज निर्माण करू लागते. पंखा थेट इग्निशनच्या तारेला जोडलेला असेल, तर ही वीज उलटी इग्निशनकडे जाते आणि चावी बंद केल्यावरही इंजिन क्षणभर चालू राहू शकते. रिलेमुळे हा उलटा रस्ता बंद होतो.

जोडणीचा क्रम

काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीची अर्थची तार काढून ठेवावी. बाजारात मिळणाऱ्या साध्या रिलेला चार टोके असतात आणि त्यांवर ३०, ८५, ८६ व ८७ असे आकडे कोरलेले असतात. हे आकडे आंतरराष्ट्रीय प्रघाताचे असल्याने कोणत्याही कंपनीचा रिले घेतला तरी अर्थ तोच राहतो. पाच टोकांच्या रिलेवरील ८७-ए हे टोक या कामात मोकळे ठेवायचे असते.

बॅटरीच्या धन टोकापासून जाड तार निघते आणि वीतभर अंतराच्या आतच फ्यूजमध्ये शिरते. फ्यूजमधून ती रिलेच्या ३० क्रमांकाला जाते. ८७ क्रमांकापासून तितकीच जाड तार पंख्याच्या धन टोकाला जाते. पंख्याचे ऋण टोक गाडीच्या बॉडीला, रंग खरवडून स्वच्छ केलेल्या धातूवर, बोल्टने पक्के बसवायचे. हा झाला मोठ्या प्रवाहाचा मार्ग.

हुकमाचा मार्ग वेगळा आणि बारीक तारेचा. इग्निशन चालू असतानाच वीज असणाऱ्या टोकापासून छोट्या फ्यूजमार्गे एक तार ८६ क्रमांकाला जाते. ८५ क्रमांकाची तार तापमानाच्या स्विचला आणि तेथून अर्थला जाते. पाणी तापले, की स्विच मिटतो, वेटोळ्याचे मंडल पूर्ण होते आणि पंखा फिरू लागतो. याच तापमान-स्विचला समांतर असा एक साधा स्विच डॅशबोर्डखाली लपवून बसवावा. तापमान-स्विच बिघडला, तर चालकाला पंखा हाताने सुरू करता येतो. पंखा चालू आहे हे दाखवणारा छोटा दिवाही ८७ क्रमांकावरून घेता येतो. बंद काचांच्या गाडीत पंख्याचा आवाज ऐकू येईलच असे नाही.

८६ क्रमांकाला कायम वीज दिली, तर गाडी बंद केल्यावरही पाणी थंड होईपर्यंत पंखा चालत राहतो. आधुनिक गाड्यांत ते चालते. डायनॅमोच्या गाडीत मात्र तापमान-स्विच अडकला, तर रात्रभरात बॅटरी रिकामी होईल. तेथे इग्निशनवरूनच वीज घेणे शहाणपणाचे. अँपिअरमीटर असलेल्या गाड्यांत आणखी एक बारकावा आहे. पंख्याची वीज थेट बॅटरीच्या टोकावरून घेतली, तर पंख्याकडे जाणारा प्रवाहही मीटर 'चार्जिंग' म्हणून दाखवतो आणि चालकाची फसगत होते. तेथे जोडणी मीटरच्या पलीकडून, म्हणजे डायनॅमोच्या बाजूने घ्यावी.

तार आणि फ्यूज

तार किती जाड हवी, हा प्रश्न दुकानात 'चालेल' या एका शब्दावर सोडवला जातो. प्रत्यक्षात तो आकड्यांचा आहे. २.५ चौरस मिलिमीटर तांब्याच्या तारेचा विरोध मीटरमागे सुमारे ०.००७ ओहम असतो. जाण्या-येण्याची मिळून चार मीटर तार धरली, तर दहा अँपिअरला पाव व्होल्टच्या आसपास घट होते. त्याऐवजी ०.७५ चौरस मिलिमीटरची बारीक तार वापरली, तर घट पाऊण व्होल्टच्या पुढे, जवळपास एक व्होल्टपर्यंत जाते. तेवढा पंखा मंदावतो आणि वाया गेलेली वीज तारेतच उष्णता होऊन राहते. ही तार इंजिनाच्या उष्ण कप्प्यातून जात असते, हे विसरता कामा नये. घरगुती वायरिंगची कडक तार येथे वापरू नये. गाडीच्या हादऱ्यांनी ती तुटते. अनेक बारीक तंतूंची, मोटारीसाठीच बनवलेली तारच घ्यावी.

फ्यूज तारेच्या रक्षणासाठी असतो, पंख्याच्या नव्हे. दहा अँपिअरच्या पंख्याला सुरू होतानाचा झटका लक्षात घेऊन २० अँपिअरचा फ्यूज लावतात, आणि २० अँपिअर सहज सोसेल अशीच तार निवडतात. फ्यूज बॅटरीजवळ असण्याचे कारणही हेच. तो पंख्याजवळ लावला, तर बॅटरीपासून फ्यूजपर्यंतची तार असंरक्षित राहते. ही तार कोठे पत्र्याला घासून उघडी पडली, तर बॅटरी क्षणात शेकडो अँपिअरचा प्रवाह देते आणि तार लालबुंद होते. जवळच कार्ब्युरेटर आणि पेट्रोलचा पाइप असतो. जुन्या ब्रिटिश वळणाच्या अनेक गाड्यांत साऱ्या वायरिंगसाठी मुळात दोनच फ्यूज असत आणि तारांवरचे कापडी-रबरी आवरण आज ठिसूळ झालेले असते. म्हणून नवा पंखा जुन्या हार्नेसला न जोडता त्याचे मंडल संपूर्णपणे वेगळे ठेवणे हितकारक.

पत्र्यातून तार जाते तेथे रबरी ग्रोमेट, एक्झॉस्टपासून अंतर, प्रत्येक टोकाला दाबून बसवलेला लग आणि त्यावर स्लीव्ह, एवढी शिस्त पाळावी. तारा पिळून वर चिकटपट्टी गुंडाळण्याची सवय इगतपुरीच्या पावसात विशेष महाग पडते. ओलावा चिकटपट्टीखाली शिरतो, तांबे हिरवे पडते आणि जोडणी वरून धडधाकट दिसत असतानाच आतून निकामी होते. रिलेही टोके खाली येतील अशा रीतीने उंचावर बसवावा, म्हणजे त्यात पाणी साचत नाही.

तापमान-स्विच कोठे?

स्विच ९० ते ९५ अंशांच्या दरम्यान मिटणारा आणि त्याहून पाच-सात अंश खाली उघडणारा असावा. थर्मोस्टॅट पूर्ण उघडण्याच्या तापमानापेक्षा तो वरचा हवा. नाही तर पंखा अखंड फिरत राहतो.

बसवण्याच्या जागा तीन. रेडिएटरच्या टाकीला झाळून बसवलेली आटे असलेली बैठक सर्वांत खात्रीची, पण त्यासाठी रेडिएटर उतरवावा लागतो. दुसरी, रेडिएटरच्या पापुद्र्यांत खुपसायची बारीक नळी. ती सोपी असली, तरी पापुद्रे आणि नळ्या दुखावण्याचा धोका असतो. तिसरी, वरचा होज पाइप कापून मध्ये बसवायचा धातूचा तुकडा. मूळ भागांना धक्का न लावणारा हा मार्ग अनेकांना पसंत पडतो. पण येथे एक चूक हमखास होते. धातूच्या तुकड्याच्या दोन्ही बाजूंना रबर असल्याने एका टोकाच्या स्विचला बॉडीचा अर्थ मिळतच नाही. त्या तुकड्यापासून स्वतंत्र तार अर्थला न्यावी लागते. 'सगळे नवीन आहे, तरी पंखा फिरत नाही', या तक्रारीचे कारण पुष्कळदा एवढेच असते.

उलटा अर्थ आणि सहा व्होल्ट

जुन्या गाड्यांत एक सापळा असतो. साठच्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या अनेक ब्रिटिश बनावटीच्या गाड्यांत बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले असे. अशा गाडीत पंखा नेहमीच्या पद्धतीने जोडला, तर तो उलटा फिरतो आणि समोरून येणाऱ्या हवेलाच विरोध करतो. पंख्याच्या दोन्ही तारांची अदलाबदल केली की प्रश्न सुटतो. मात्र मोटारीचे आवरण आतून ऋण टोकाला जोडलेले नाही ना, आणि रिलेमध्ये डायोड नाही ना, हे मल्टिमीटरने आधी पाहावे. पंखा बसवल्यावर रेडिएटरसमोर कागद धरून हवा समोरून इंजिनाकडे ओढली जाते की नाही, याची खातरजमा करावी.

दुसऱ्या महायुद्धातील विलीज जीपसारख्या वाहनांत तर मूळ यंत्रणाच सहा व्होल्टची होती. तेथे १२ व्होल्टचा पंखा चालत नाही आणि तेवढ्याच वॉटच्या सहा व्होल्टच्या पंख्याला दुप्पट प्रवाह लागतो. अशा गाडीत पंख्याचा मोह टाळून रेडिएटर सुस्थितीत ठेवणे अधिक श्रेयस्कर.

मूळ रूप आणि नियम

मूळ पंखा काढून टाकावा का, यावर हौशी मंडळींत मतभेद आहेत. काढला, तर इंजिनाची थोडी शक्ती वाचते. पण एका फ्यूजवर सारे इंजिन अवलंबून राहते. डायनॅमोच्या गाडीत मूळ पंखा कायम ठेवून विजेचा पंखा रेडिएटरच्या पुढे, केवळ मदतनीस म्हणून बसवणे हा सुरक्षित मार्ग. पंखा पट्ट्यांवर बसवावा. रेडिएटरच्या पापुद्र्यांतून प्लास्टिकच्या खिळ्या आरपार घालून तो लटकवला, तर हादऱ्यांनी नळ्या घासतात आणि काही महिन्यांत गळती सुरू होते.

मूळ रूप जपण्याचा मुद्दा आता केवळ हौसेचा राहिलेला नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने जुलै २०२१ मध्ये ५० वर्षांहून जुन्या दुचाकी आणि चारचाकी वाहनांसाठी 'व्हिंटेज' नोंदणीचे नियम लागू केले. अशा वाहनांना क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे मिळतात, नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये असून नोंदणी दहा वर्षांसाठी असते. वाहन मूळ रूपात राखलेले असावे आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार केलेला नसावा, ही त्यातील महत्त्वाची अट. पत्रा न कापता, भोके न पाडता, पुन्हा काढता येईल अशा रीतीने बसवलेला पंखा आणि मूळ हार्नेसला हात न लावता केलेले वेगळे वायरिंग या अटीच्या आशयाशी अधिक सुसंगत ठरते. नोंदणीचा विचार असलेल्या मालकांनी काम सुरू करण्यापूर्वी परिवहन कार्यालयात विचारणा करून घेणे बरे.

पहिली चाचणी घाटात नको

काम झाल्यावर गाडी मोकळ्या जागेत उभी करून इंजिन तापू द्यावे. पंखा कोणत्या तापमानाला सुरू होतो आणि कोणत्या तापमानाला थांबतो, याची नोंद घ्यावी. पंखा चालू असताना मल्टिमीटरने बॅटरीवरचा आणि पंख्याच्या टोकांवरचा दाब मोजावा. दोहोंत अर्ध्या व्होल्टपेक्षा अधिक फरक असेल, तर एखादी जोडणी किंवा अर्थ कच्चा आहे. दहा मिनिटांनी तार, फ्यूजची बैठक आणि रिलेची टोके यांना हात लावून पाहावा. एखादी जागा चटका देत असेल, तर ती लगेच दुरुस्त करावी. या वेळी बोटे, सैल बाह्या आणि ओढण्या पंख्यापासून दूर ठेवाव्यात, कारण तो पूर्वसूचनेविना सुरू होतो. त्यानंतर शहरातल्या वाहतुकीत काही दिवस गाडी चालवून मगच घाटाचा रस्ता धरावा.

मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. अॅम्बेसेडरचे उत्पादन २०१४ मध्येच थांबले होते. ज्या गाड्या उरल्या आहेत, त्या घराघरांतून जपल्या जात आहेत. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला आणि सुमारे आठ किलोमीटरच्या जुळ्या बोगद्यामुळे घाटाचा चढ टाळता येऊ लागला. पण बोगद्यात तापून बंद पडलेली गाडी ही घाटात थांबलेल्या गाडीपेक्षा अधिक गंभीर बाब आहे. रस्ता कोणताही असो, जुन्या गाडीची काळजी तिच्या बॉनेटखालीच घ्यावी लागते. तेथे पाच मीटर चांगली तार, एक रिले आणि योग्य जागी बसवलेला फ्यूज एवढ्या साहित्यावर गाडीचे आणि आतील माणसांचेही क्षेम अवलंबून असते.

थोडक्यात

- गाडी कोंडीत तापत असेल तरच पंख्याचा उपयोग. वेगात तापत असेल तर आधी रेडिएटर, थर्मोस्टॅट आणि टायमिंग तपासा.
- डायनॅमोची क्षमता आणि गाडीचा एकूण विजेचा खर्च यांचा हिशेब मांडूनच पंख्याचे वॉट ठरवा.
- पंखा रिलेमार्फतच चालवा. इग्निशन स्विचमधून थेट वीज देऊ नका.
- फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरात हवा. तार फ्यूजपेक्षा सक्षम हवी.
- अर्थची जागा स्वच्छ, रंगविरहित आणि बोल्टने घट्ट केलेली हवी.
- होज पाइपमधील तापमान-स्विचला स्वतंत्र अर्थ द्या.
- डायनॅमोच्या गाडीत मूळ पंखा काढू नका.
- तापलेल्या रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नका.